तीनदा परत आलेली गाडी

"आजी, हा दगड कुठल्या नदीतला?"

बसच्या खिडकीतून चिपा परत देत एकानं विचारलं. आतले हसले. न्या रुमिल्दानं ती चिपा घेतली, त्याचे पैसे परत केले आणि टोपलीवरचं पांढरं फडकं सारखं केलं. मी तिला लहानपणापासून ओळखते. तिला उत्तर सुचलं नाही असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

परतताना ती तीनचाकीच्या हौद्यात टोपलीला टेकून बसली. टोपली जवळजवळ भरलेलीच होती. परत आलेली चिपा अजून तिच्या हातात होती. तिनं ती अंगठ्यानं दाबून पाहिली.

"खरंच दगड आहे," ती म्हणाली.

चिपा म्हणजे कसाव्याच्या कंदाच्या पिठाची, चीज आणि बडीशेप घातलेली, बांगडीसारखी भाजलेली भाकरी. भट्टीतून निघाली की ती लोण्यासारखी असते. गार झाली की चामडं. यात मधलं काही नाही. चिपा विकणाऱ्या बाईचं सगळं आयुष्य या दोहोंच्या मधल्या वेळात जातं.

न्या रुमिल्दाचं तसंच गेलं. न्या म्हणजे आमच्याकडे बाई. आमच्या पोत्रेरो गुइरा गावातून जुना महामार्ग जायचा. प्रत्येक बस आंब्याखाली थांबायची. भट्टी रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. ती पोर होती तेव्हा आईच्या मागोमाग बसमध्ये चढायची. पुढे स्वतःच्या डोक्यावर टोपली आली. चालत्या बसमध्ये, दोन्ही हात सोडून, डोक्यावरची टोपली न हलवता ती सुटे पैसे मोजायची. ड्रायव्हर तिच्यासाठी गाडी हळू करायचे. काही जण मुद्दाम जोरात वळवायचे. टोपली पडली असं कुणी सांगत नाही.

नवरा बांधकामावर सीमेपलीकडे, ब्वेनोस आयरेसला गेला. आधी पैसे आले. मग फोटो आले. मग काहीच नाही. तिनं दोन मुलं चिपांवर वाढवली. मुलगा दर्लिस आणि मुलगी निमिया. निमिया माझ्या वर्गात होती. मी राजधानीत, असुन्स्योनला जाऊन साहित्य शिकले आणि गावातल्या शाळेत शिकवायला परत आले. निमिया कुठे गेलीच नाही. ती आईसोबत बसमध्ये चढत राहिली, आणि माझ्यापेक्षा जास्त लोक तिला ओळखत राहिले.

मग नवा महामार्ग झाला. गावाला न शिवता, टेकडीच्या पलीकडून. आठवडाभरात आंब्याखाली एकही बस थांबेना. बसगाड्या आता टोलनाक्यावर थांबायच्या. तिथवर जायला लाल मातीचा रस्ता, वाळू, मध्ये एक ओढा. दर्लिसची तीनचाकी धडपडत पोचायची, आणि पुढे बसची वाट बघणं वेगळंच. टोपली फडक्यांत गुंडाळली तर वाफेनं चिपा ओल्या व्हायच्या. उघडी ठेवली तर वाऱ्यानं गार आणि वर लाल धूळ.

त्या दगडाच्या संध्याकाळी निमियानं सांगून टाकलं. मावसबहिणीनं तिच्यासाठी काम बघितलं होतं. ब्वेनोस आयरेसमध्ये एका म्हातारीची देखभाल.

"मी जाते, आई. दगड विकायला मी बसमध्ये चढणार नाही."

न्या रुमिल्दा चीज किसत होती. हात थांबला नाही.

"कधी?"

"ईस्टरच्या आठवड्यात. ती त्याआधी सुट्टीला येतेय. परत जाताना मला घेऊन जाईल."

"ईस्टरचा आठवडा म्हणजे चिपांचा आठवडा."

"गरम चिपांचा," निमिया म्हणाली.

आई किसत राहिली. चीज संपलं तेव्हा बोलली.

"तोवर मी टोलनाक्यावर गरम चिपा पोचवली तर?"

"तर बघू."

"बघू नाही. राहशील का?"

निमियानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"पोचवून दाखव," ती म्हणाली.

जुन्या रस्त्यावर कराई अल्सिदेसचं जुन्या गाड्या विकायचं आवार होतं. कराई म्हणजे आमच्याकडे शेठ. नव्या महामार्गानं त्यालाही गाडलं होतं. आवारात सहा-सात गाड्या, त्यांवर धूळ, आणि मध्ये एका पत्र्याच्या शेडखाली ती. जपानी, पांढरी, म्हशीएवढी. सात जण बसतील अशा तीन रांगा. चामड्याच्या खुर्च्या, लाकडासारखी दिसणारी पट्टी, छताला उघडणारी काच. कधीकाळी ती एखाद्या डॉक्टरच्या कुटुंबाला डोंगरात फिरवत असणार. आता तिच्या टपावर कोंबड्या बसत.

दर्लिस छोटी मालवाहू गाडी बघायला गेला होता. तशी एकही शिल्लक नव्हती. त्याच्याबरोबर गेलेली न्या रुमिल्दा म्हशीएवढ्या गाडीभोवती चकरा मारून आली.

घरी आल्यावर वाद सुरू झाला. तो पुढचे कितीतरी दिवस चालला. पीठ मळताना, भट्टी पेटवताना, जेवताना. मी रोज संध्याकाळी जायचे, त्यामुळे मीही त्यात ओढले गेले.

"आई, ती पेट्रोल पीत नाही, ती पेट्रोलनं आंघोळ करते," दर्लिस म्हणायचा.

"तुझा बाप काय कमी प्यायचा? सांभाळलाच ना."

"आणि गेलाच ना."

"गाडीला ब्वेनोस आयरेसचा रस्ता माहीत नाही."

"अगं, एक भाग बिघडला तर जपानहून मागवावा लागेल!"

"काय गं मास्तरीण, तुझं पुस्तक काय म्हणतं?"

पुस्तक म्हणजे माझा फोन. मी त्यावर वाचलं होतं. वाचलेलं सांगितलं. जुनी आलिशान गाडी म्हणजे नव्या गाडीचा खर्च आणि जुन्या गाडीचा भरवसा. टायर महाग. दिवा फुटला तर दिव्याच्या किमतीत बैल येईल. पण इंजिन चांगलं असेल तर ती आपल्या सगळ्यांच्या नंतरही चालत राहील.

"म्हणजे घ्यायची की नाही?"

"म्हणजे मला माहीत नाही, मावशी."

"शिकून एवढं तरी कबूल करतेस," ती म्हणाली, आणि माझ्या हातात गरम चिपा ठेवली.

तिचा हिशेब साधा होता. ती वाळूत रुतणार नाही. ओढ्यात बुडणार नाही. टोपलीत धूळ जाणार नाही. "आणि तुम्ही सगळे एका वेळी मावता," ती शेवटी म्हणायची. हे ती हळू म्हणायची. त्यावर कुणी वाद घालत नसे.

पण निमिया दरवेळी एकच प्रश्न विचारायची.

"गरम राहील?"

याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. न्या रुमिल्दाकडेही नव्हतं. तिच्याकडे साठवलेलं जे काही होतं ते एकदाच वापरता येणार होतं. ते गाडीत घालायचं, नाहीतर निमियाच्या हातात द्यायचं, परक्या शहरात उपयोगी पडेल म्हणून. दोन्हीला पुरणार नव्हतं. एके संध्याकाळी ती भट्टीसमोर नुसतीच बसलेली मला दिसली. भट्टी विझलेली होती.

"मास्तरीण, ती इथं राहावी म्हणून मी गाडी घेतेय, की मला गाडी आवडली म्हणून?"

मी तिच्याशेजारी बसले. तिला उत्तर नको होतं.

अल्सिदेस गाडी नेहमी सकाळीच दाखवायचा. इंजिन जरा वेळ चालू ठेवायचा, गार हवा सोडायचा आणि बंद करायचा. "मागच्या रांगेत बसा, न्या," तो म्हणायचा. "बाहेर फेब्रुवारीचं ऊन, आत अँडीजचा बर्फ." लांबवर चालवून बघायचं म्हटलं की त्याला काम आठवायचं.

न्या रुमिल्दा एका दुपारी गेली. जेवणानंतर, जेव्हा गावात कुत्रंही सावली सोडत नाही. त्या वेळी कुणी कुणाचं दार वाजवत नाही. तिनं भट्टीतून नुकतीच काढलेली चिपांची टोपली दर्लिसच्या खांद्यावर दिली, निमियाला आणि मला बरोबर घेतलं आणि आवाराचं फाटक वाजवलं.

अल्सिदेस झुल्यातून उठून आला. बनियन, डोळे अर्धे मिटलेले.

"न्या रुमिल्दा, दुपारच्या झोपेच्या वेळी कोण फिरतं?"

"भूत आणि गिऱ्हाईक. तुला जे परवडेल ते समज."

"आता? या उन्हात?"

"टोलनाक्यापर्यंत. टोपलीसकट. नाहीतर मी दुसरीकडे बघते."

दुसरीकडे काही नव्हतं. हे दोघांनाही माहीत होतं. पण त्याला पूर्ण जाग आलेली नव्हती. त्यानं सदरा घातला आणि थंड पाण्याचा थर्मास, शिंगाचा पेला असं सगळं काखेत मारलं. तेरेरे, म्हणजे थंड पाण्यात भिजवलेल्या पानांचा चहा, पिण्याचं सामान घेतल्याशिवाय आमच्याकडे माणूस विहिरीतही पडत नाही.

न्या रुमिल्दा चालवायला बसली; दर्लिसची तीनचाकी ती कधीमधी चालवायची. शेजारी अल्सिदेस. मधल्या रांगेत निमिया आणि मी. सगळ्यात मागे दर्लिस आणि त्याच्या पायाशी टोपली. निघण्याआधी न्या रुमिल्दानं समोरच्या फळीवर, उजव्या बाजूला बोट फिरवलं. तिथे एक ठिगळ होतं, वेगळ्या रंगाचं.

"इथं काय होतं?"

"स्टिअरिंग. जपानात उजवीकडे असतं ना. बंदरावर उतरल्यावर डावीकडे आणतात. गावातल्या निम्म्या गाड्या तशाच आहेत, न्या. काळजीचं काही नाही."

"मी काळजी केली नाही. विचारलं."

गाडी निघाली. मला वाटलं होतं ती घाबरत चालवेल. तिनं वाळूचा पट्टा असा पार केला जसं कुणी पीठ चाळतं. ओढ्यात पाणी कमी होतं. गाडी आत उतरली आणि काहीच न घडल्यासारखी बाहेर आली. दर्लिसनं मागून एक शिटी मारली. त्याला न विचारता ती त्याच्या तोंडून निघाली असावी.

ओढ्यानंतर निमियानं पाठ खुर्चीपासून सुटी केली.

"आई, माझी पाठ भाजतेय."

"उन्हाची खिडकी आहे."

"उन्हाची नाही. मागून येतंय."

मलाही ते जाणवलं. पुढून गार हवा, मागून झळ. दर्लिसनं सदरा काढला. मग आणखी थोड्या वेळानं तो म्हणाला, "आई, इथं कुणीतरी भट्टी पेटवलीय."

अल्सिदेस समोर बघत होता.

"काच खाली करा," तो म्हणाला. "सवय होते."

"बंद कर की," निमिया म्हणाली.

त्यानं एक बटण फिरवलं. दुसरं फिरवलं. आवाज बदलले. झळ होती तशीच राहिली.

न्या रुमिल्दानं वेग कमी केला नाही. "बंद होत नाही?"

अल्सिदेसनं खिशातून रुमाल काढला आणि मानेवरून फिरवला.

"न्या, तुमच्याशी खोटं बोलणार नाही."

"आता कशाला बोलशील. आम्ही आत बसलोय."

मग त्यानं सांगितलं. स्टिअरिंग हलवताना इंजिनच्या गरम पाण्याच्या नळ्याही हलवाव्या लागतात. एक नळी मागच्या रांगेखाली जाते. हिवाळ्यात मागच्यांना ऊब मिळावी म्हणून. तिला बंद करणारी एक तोटी असते. बंदरावरच्या कारागिरानं घाईत नळ्या जोडल्या आणि ती तोटी बसवलीच नाही. गाडी चालू आहे तोवर गरम पाणी मागे फिरत राहतं. सगळं खोलल्याशिवाय ते दुरुस्त होणार नाही, आणि खोलायचा खर्च म्हणजे दुसरी गाडी.

"किती जणांनी परत आणली?" न्या रुमिल्दानं विचारलं.

"तिघांनी. शेवटचा तर दुसऱ्याच दिवशी. त्याची सासू मागे बसली होती."

निमिया हसली. त्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली. मग तिला आठवलं की ही गाडी आता घेता येणार नाही, आणि हसू थांबलं. मी तिचा चेहरा बघत होते. तिनं मनात बॅग भरायला सुरुवात केली होती.

न्या रुमिल्दानं गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली. खाली उतरली. शेजारच्या बागेतून केळीच्या पानाची एक पट्टी फाडून आणली. मागचं दार उघडलं आणि पट्टी दर्लिसच्या पायाजवळच्या, गरम हवा सोडणाऱ्या जाळीवर ठेवली. हे ती रोज करते. भट्टीत चिपा घालण्याआधी केळीचं पान ठेवून बघते. पान एकदम करपलं तर फार तापली. तसंच राहिलं तर कमी.

पान हळूहळू मऊ झालं. मग गडद हिरवं. कडेला जरासं सुरकुतलं. करपलं नाही.

ती ते पान बराच वेळ बघत राहिली. तिनं टोपली उचलून बरोबर त्या जाळीवर ठेवली आणि दार लावलं.

"आई, मी पुढे येऊ?" आतून दर्लिसचा आवाज आला.

"टोपली धर."

"टोपली पडत नाहीये! मी शिजतोय!"

"मग तू पण गरम पोचशील."

टोलनाक्यावर आम्ही पोचलो तेव्हा अल्सिदेसचा सदरा अंगाला चिकटला होता आणि दर्लिसच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बसची वाट बघत आम्ही थांबलो. न्या रुमिल्दानं इंजिन बंद करू दिलं नाही. बाकी सगळे सावलीत गेलो. ती गाडीजवळ उभी राहिली, एक हात मागच्या दारावर ठेवून.

एक बस आली. न्या रुमिल्दानं गाडीचं मागचं दार उघडलं.

आधी वास आला. भाजलेल्या चीजचा, बडीशेपेचा. जणू आपण आंब्याखालीच उभे आहोत आणि भट्टी हाकेवर आहे. तिनं फडकं बाजूला केलं. चिपा कोरड्या, सोनेरी, वरून कुरकुरीत. तिनं एक उचलली आणि निमियाच्या हातावर ठेवली. निमियानं ती या हातातून त्या हातात टाकली.

"भाजलं!"

"बघ," आई म्हणाली. एवढंच.

टोपली तिनं डोक्यावर चढवली आणि बसमध्ये गेली. खिडकीतून मला तिचं फक्त पांढरं फडकं पुढे सरकताना दिसत होतं. एका माणसानं चिपा घेतली, मोठा घास मारला आणि तोंड उघडं टाकून हवा ओढली.

"आजी! जीभ भाजली की!"

"फुंकून खायला आईनं शिकवलं नाही?"

सगळी बस हसली. पण या वेळी तिच्या बाजूनं. मागच्या सीटवरून हात पुढे आले. मी बाहेर उभी होते आणि माझं तोंड उघडंच होतं. मी चार वर्षं साहित्य शिकले. त्या क्षणासाठी माझ्याकडे "अरे" एवढाच शब्द निघाला.

ती खाली उतरली तेव्हा टोपलीत फक्त तळाशी अंथरलेली केळीची पानं होती.

अल्सिदेस झाडाखाली पेल्यात थंड पाणी ओतत होता. तो आता पूर्ण जागा झाला होता. न्या रुमिल्दा त्याच्यासमोर बसली. त्यानं पेला तिच्याकडे दिला. ती प्यायली, परत दिला. त्यानं भरून माझ्याकडे दिला, मग निमियाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. आमच्याकडे पेला असाच फिरत राहतो. ज्याला पुरे झालं तो धन्यवाद म्हणतो. तोवर बैठक उठत नाही.

"गाडी खराब आहे," ती म्हणाली.

"थोडी."

"पेट्रोल पिते."

"पिते."

"सुट्या भागांना जपानची वाट."

"आहे."

"आणि मागं भट्टी."

अल्सिदेसनं थर्मास खाली ठेवला. "न्या, ती भट्टी ही खास सोय आहे. अशी गाडी आख्ख्या देशात एकच."

"मघाशी ओढ्यापाशी तर दोष होता."

"मघाशी मला चिपांचं कळलं नव्हतं."

"तिघांनी परत केलेली गाडी आहे, अल्सिदेस."

"त्यांना चिपा करता येत नव्हत्या!"

दर्लिस हसता हसता आडवा झाला. न्या रुमिल्दा हसली नाही. तिनं आपला आकडा सांगितला. अल्सिदेसनं कपाळावर हात मारला, मग स्वर्गाकडे पाहिलं, मग आपल्या मेलेल्या आईचं नाव घेतलं. त्यानं त्याचा आकडा सांगितला. पेला फिरला. तिनं तिचाच आकडा पुन्हा सांगितला. तो म्हणाला की या भावात तो तिला आरसा आणि एक चाक देईल. पेला फिरला. ती म्हणाली की आरसा त्यानंच ठेवावा, त्यात बघावं, कोंबड्यांना गाडी विकणारा माणूस कसा दिसतो ते. पेला पुन्हा तिच्या हातात आला.

ती सावकाश प्यायली. तळाशी पोचेपर्यंत. मग पेला त्याच्याकडे दिला.

"धन्यवाद," ती म्हणाली.

ती उठली. रिकामी टोपली उचलली आणि गावाकडच्या लाल रस्त्यानं चालू लागली. पायी. त्या उन्हात.

दर्लिस उठून बसला. निमिया उभी राहिली. मला काही कळायच्या आत मी तिच्यामागे चालू लागले होते. आम्ही एका रांगेत जात होतो, बदकांसारखे. तिनं मागे वळून पाहिलं नाही. पण ती माझ्या इतकी जवळ होती की मला तिचा श्वास ऐकू येत होता. तो जोरात चालला होता. ती घाबरली होती.

"न्या!" मागून हाक आली.

ती चालत राहिली.

"न्या रुमिल्दा! अहो, थांबा तरी! तुमच्याच भावात! पण रोज सकाळी एक चिपा मला!"

ती थांबली. डोळे मिटले आणि उघडले. मग वळली.

"गार चालेल?" तिनं विचारलं.

अल्सिदेसनं दोन्ही हात वर केले.

गाडी आंब्याखाली उभी राहिली. पहिल्या दिवशी गाव बघायला आलं. मुलं खुर्च्यांवर उड्या मारून गेली. बाजूच्या गावचा एक कारागीर आला, वाकून खाली बघितलं आणि म्हणाला की ती तोटी तो बसवून देईल, स्वस्तात. न्या रुमिल्दानं त्याला चिपा खायला घातली आणि सांगितलं की त्यानं गाडीला हात लावला तर ती त्याचे हात भट्टीत घालेल. त्याला कळेना की त्यानं काय चूक केली.

सगळ्यात मागची रांग काढली. तिथं चार टोपल्या मावतात. दर्लिस आता पुढे बसतो आणि पेट्रोलविषयी बोलतो. मधल्या रांगेत बसणाऱ्याला अजून पाठीला झळ लागते. मी रविवारी त्यांच्याबरोबर प्रार्थनेला जाते तेव्हा घामानं थबथबून उतरते. पाद्रीबाबांना वाटतं ही भक्ती आहे.

पण निमिया काही बोलली नव्हती. तिची बॅग पलंगाखाली होती. मी बघितली होती. न्या रुमिल्दानंही बघितली असणार. तिनं विचारलं नाही. "पोचवून दाखव," असं मुलगी म्हणाली होती. आईनं पोचवली होती. यापुढचं बोलायचं ते मुलीनं.

ईस्टरच्या आठवड्यातला बुधवार उजाडला. त्या दिवशी आमच्याकडे घराघरात चिपा भाजतात आणि ज्यांना भाजता येत नाही ते न्या रुमिल्दाकडे येतात. भट्टी थंड होतच नव्हती. पीठ मळायला मीसुद्धा होते. माझ्या चिपांकडे बघून न्या रुमिल्दा म्हणाली, "या मास्तरीणबाईंच्या. या शेवटी विका."

टोलनाक्यावर बसगाड्यांची रांग लागली होती. निमिया पांढरा एप्रन घालून आली होती. ती आणि आई आळीपाळीनं चढत होत्या, उतरत होत्या. दर्लिस टोपल्या भरून देत होता. मी सुटे पैसे सांभाळत होते आणि चुकत होते.

मग एक मोठी, दोन मजली बस आली. कपाळावर पाटी: ब्वेनोस आयरेस. वरच्या खिडकीतून एक हात हलला. मावसबहीण.

"निमिया! चल! तुझी जागा धरलीय!"

न्या रुमिल्दा गाडीच्या मागच्या दाराशी उभी होती. तिनं टोपलीवरचं फडकं सारखं केलं. मग पुन्हा सारखं केलं. तिनं बसकडे पाहिलं नाही. त्याच पाटीकडे बघत तिनं एकदा एका माणसाला निरोप दिला होता.

निमियानं भरलेली टोपली डोक्यावर घेतली. बसचं पुढचं दार उघडलं. ती आत गेली. दार मागे मिटलं.

बस हळूहळू रांगेत पुढे सरकू लागली.

दर्लिसच्या हातातली चिपा खाली पडली. खिडक्यांतून पांढरं फडकं दिसत होतं, एका सीटकडून दुसऱ्या सीटकडे. मग जिना. मग वरच्या मजल्यावर. मावसबहिणीच्या खिडकीपाशी ते थांबलं. तिथं जरा जास्त वेळ थांबलं. बस टोलच्या अडसराशी पोचली. अडसर वर गेला.

मागचं दार उघडलं.

निमिया बसमधून खाली उतरली. एक हात कमरेवर, एका हातात रिकामी टोपली. वरच्या खिडकीत मावसबहीण तोंड उघडं टाकून हवा ओढत होती. तिच्या हातात अर्धी खाल्लेली चिपा होती.

निमिया रस्ता ओलांडून आली. तिनं रिकामी टोपली आईच्या पायाशी टाकली.

"बघत काय उभी राहिलीस?" ती म्हणाली. "मागं चार बस आहेत. दुसरी दे."